दादा झोपलेत

माझे सासरे फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये आमच्याकडे नेदरलँड्समध्ये नीउ-व्हेनेपला आले आणि पहिल्याच सकाळी त्यांनी घरातली आपली जागा हेरली: रस्त्याकडच्या मोठ्या काचेच्या खिडकीशेजारची खुर्ची. इथले लोक खिडकीला पडदा लावत नाहीत. जाणाऱ्या-येणाऱ्याला घर दिसतं आणि घरातल्याला रस्ता. दादांना ते फार पसंत पडलं. ही तर ओसरीच झाली, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आठच्या ठोक्याला परीटघडीचं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी अशा थाटात ते तिथे बसायला लागले. वाट बघत बसायचे. कुणाची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी पुण्याचा. आमच्या घरात पिढीजात मास्तरकी. दादांची, म्हणजे दामोदररावांची मुलगी सुनेत्रा हिच्याशी माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीचे वडील माजी राज्यमंत्री आहेत हे ऐकून माझ्या मावशीला वाटलं, आता भाच्याला पेट्रोल पंप तरी मिळणार. दादा लग्नाला एसटीनं आले, आहेरात पितळी समई दिली आणि पंगत उठेपर्यंत मांडवाच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी बदलीचं गाऱ्हाणं ऐकत बसले. पंप काही मिळाला नाही. मावशी मात्र अजून समईकडे बघून नाक मुरडते.

दादांचा तालुका म्हणजे महाराष्ट्राचं पूर्वेचं टोक. अलीकडे नदी, पलीकडे दुसरं राज्य, आणि मध्ये तालुका. ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा तिथे डांबरी रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि पावसाळा लागला की नदी ओलांडायला लाकडाचा डोंगा. मुंबईच्या अधिवेशनाला निघायचं तर आधी डोंगा, मग सागवानाच्या ट्रकवर बसून बल्लारशा, मग रेल्वे. सरकारला एखाद्या अधिकाऱ्याला अद्दल घडवायची असली की त्याची तिकडे बदली करत. अशा ठिकाणी दादा चार वेळा आमदार झाले, त्यात एकदा बांधकाम खात्याचे राज्यमंत्री. नदीवरचा पूल त्यांनी आणला. त्या पुलाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा, पूल माणसांनी ओलांडायचा असतो, वाचायचा नसतो, असं म्हणून त्यांनी ते मोडून काढलं.

त्यांच्या ओसरीचे दोन नियम होते. पहिला, ओसरीवर आलेला शेवटचा माणूस भेटून गेल्याशिवाय दादा जेवायचे नाहीत, आणि ते जेवले नाहीत तर घरातलं कुणीच नाही. दुसरा, काम काय आहे ते फक्त साहेबांना सांगायचं. बायकोला नाही, मुलांना नाही. घरच्यांच्या कानात काम गेलं की घरचे दलाल होतात, असं त्यांचं मत होतं. तालुक्यातलं पोरगंसुद्धा हे जाणून होतं. दारात सुनेत्राच्या आईनं कुणाला विचारलं की काय काम काढलंत, तर उत्तर ठरलेलं असायचं. काही नाही बाई, साहेबांशी दोन शब्द बोलायचे होते.

सुनेत्रा लहान असतानाची एक गोष्ट तिनं लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मला सांगितली. दुपार कलली होती, आई भुकेनं कासावीस झालेली, आणि दारात आणखी एक म्हातारा आला. सुनेत्रानं त्याला सांगून टाकलं, दादा झोपलेत. म्हातारा आल्या पावली परत गेला. दादांना हे कळलं तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांचा ड्रायव्हर श्रीधर याला जीप काढायला लावली, पोरीला शेजारी बसवलं आणि थेट नदी गाठली. म्हातारा डोंग्यात बसलेला होता. त्याला उतरवून, जीपमध्ये घालून घरी आणला. परतीच्या वाटेवर दादा एवढंच बोलले, की या दारात कुणी झोपत नाही. सुनेत्रा रडत होती आणि श्रीधरकाका गाडी चालवता चालवता तिला खिशातली बोरं देत होते.

सुनेत्राच्या मनात दादांविषयी अभिमान होता, तसाच एक काटाही होता. तिची आई गेली त्या दिवशी सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. ओसरी भरलेली होती. आईनं बाहेर निरोप दिला नाही, कारण लोक संपले नव्हते. शेवटचा माणूस उठला तेव्हा आईला नागपूरला न्यायला उशीर झाला होता. सुनेत्रा त्या वेळी कॉलेजात होती. त्या लोकांनी माझ्या आईला खाल्लं, असं ती मला एकदाच म्हणाली, आणि लगेच म्हणाली की हे मी बोलले ते विसर. अशी वाक्यं विसरता येत नाहीत.

मार्चमध्ये विमानं थांबली. स्खिपोल विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण आभाळ असं मुकं झालं की दादा विचारायचे, आज बंद आहे का? व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, मग पुन्हा वाढवून मिळाली. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर आपापल्या खोलीत लॅपटॉपसमोर, मुलगी ऋजुता शाळेचे वर्ग मोबाइलवर, आणि खाली खिडकीत दादा. ऋजुताला मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीत देते. ती त्यांना म्हणाली, आजोबा, नोबडी इज कमिंग, इट्स कोरोना. दादा म्हणाले की कोरोना माणसांना आहे, अडचणींना नाही.

आणि खरंच, त्यांना एक अर्जदार मिळालाही. शेजारच्या यानेकेबाई दीड मीटरचं अंतर राखून खिडकीबाहेर उभ्या राहायच्या आणि हातवारे करून बोलायच्या. कालव्याकाठचा बाक गेमेंटेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, काढून टाकला होता. त्या बाकावर त्या आणि त्यांचे दिवंगत यजमान बसत असत. दादांनी ऋजुताला दुभाष्या केलं, मला कारकून केलं आणि गेमेंटेला ईमेल पाठवायला लावला. गोड शब्दांत नकार आला. मी म्हटलं, चला, संपलं. दादा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, ‘जावईबापू, नकार लेखी आला म्हणजे अर्ज जिवंत आहे.’ मी दुसरा ईमेल लिहिला.

ऑगस्ट संपता संपता नागपुरात दवाखान्यांत खाटा मिळेनाशा झाल्या आणि दादांचा फोन वाजायला लागला. ते निवडणूक हरून तीस वर्षं होऊन गेली होती, पण त्या भागात अडलेला माणूस अजून त्यांचंच नाव घेतो. आणि त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती असंही नाही. नागपुरातला एक मोठा डॉक्टर लहानपणी वसतिगृहाच्या प्रवेशासाठी त्यांच्या ओसरीवर बसून गेलेला होता. दादांनी त्याला फोन केला आणि एका शिक्षकाच्या बायकोला खाट मिळाली. झालं, ही बातमी वणव्यासारखी पसरली. दादा सकाळी आठला बसायचे ते दुपारचे तीन वाजले तरी फोन कानालाच. जेवण अर्थातच नाही. सुनेत्रा ताट वाढून, झाकून, पुन्हा गरम करून दमायची.

मग एका तरुण पोराचा फोन आला, वडिलांसाठी. दादा इकडे-तिकडे फोन फिरवत राहिले आणि त्या पोराचा पुन्हा फोन आला की आता नको, साहेब. दादा उठायला गेले आणि रेडिएटरवर पडले. कपाळाला खोक पडली, रक्तदाब आभाळाला भिडला. हाउसआर्ट्सबाई, आमच्या फॅमिली डॉक्टर, मास्क लावून घरी आल्या. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की असा आणखी एक दिवस या हृदयाला झेपणार नाही.

त्याच संध्याकाळी सुनेत्रानं दादांचा फोन वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत नेला. सकाळी तिनं दादांना सांगितलं की कोरोनामुळे भारतातल्या सगळ्या लाइन्स जॅम आहेत, फोन लागतच नाहीत. फोन मी वर चालू ठेवते, कुणाचा लागला तर सांगते. मी समोर बसून टोस्टला लोणी लावत होतो. मी म्हटलं, हो ना, आमचे ऑफिसचे कॉलसुद्धा तुटतात. दादांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. या माणसानं आयुष्यभर कलेक्टरपासून पटवाऱ्यापर्यंत कुणाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, जाऊन बघितल्याशिवाय. ते म्हणाले, ‘पासष्टच्या लढाईतही ट्रंककॉल असे बंद पडले नव्हते.’ आणि त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला. मी टोस्टला आणखी लोणी लावलं.

वर फोन वाजायचा आणि सुनेत्रा मीटिंगमधून उठून तो घ्यायची. न घेता बंद ठेवणं तिला जमलं नाही, इतकी ती दादांची मुलगी होतीच. सगळ्यांना एकच सांगायची, दादा झोपलेत. लोक म्हणायचे बरं, आणि दुसरीकडे प्रयत्न करायचे. मी तिला एका शब्दानं अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. दादा वेळेवर जेवत होते, कपाळाची खोक भरत आली होती, घर पुण्यातल्या घरासारखं शांत झालं होतं. दादा फक्त रोज सकाळी एक प्रश्न विचारायचे, श्रीधरचा लागला का? त्यांना नदीचं पाणी किती चढलंय आणि धान कसं आहे ते त्याच्याकडून ऐकायचं असायचं.

श्रीधरकाकांचा फोन लागला होता. सुनेत्रानं मला स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता सांगितलं. ती म्हणाली, विचारलं काय काम आहे, तर नेहमीचंच, काही नाही बाई, साहेबांशी दोन शब्द बोलायचे होते. कुणासाठी तरी खाट हवी असणार. श्रीधरकाकांनी जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तीस वर्षं त्या दारात उभा राहिलेला माणूस, त्यानं फक्त दुसऱ्यांना आत सोडलं. त्यामुळे तो स्वतःसाठी फोन करत असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता. तिला वाटलं, पाऊस-वाऱ्यात उभे असतील. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘साहेब झोपलेच आहेत का जी?’ ती हो म्हणाली. ते जरा खोकले, बहुधा हसलेही, आणि म्हणाले, ‘झोपू द्या, बाई. उठवू नका.’

पुढच्या आठवड्यात दादांच्या फोनवर श्रीधरकाकांचा फोटो आला, हार घातलेला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

सुनेत्रा तो फोन हातात धरून माझ्या खोलीत आली. माझी मीटिंग चालू होती, ब्रेडा शहरातल्या ऑफिसातले चारजण स्क्रीनवर होते. मी कॅमेरा बंद केला. ती खाली जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मी मारलं त्यांना.’ मी जे कुणीही म्हणेल ते म्हटलं. खाट मिळाली असतीच असं नाही, मिळून वाचले असतेच असं नाही, आणि दादांना काही झालं असतं तर? ती म्हणाली, हे सगळं बरोबर आहे, आता हेच खाली जाऊन दादांना सांगून ये. मग मी सुचवलं की सध्या काहीच सांगायला नको, त्यांची तब्येत सुधारू दे, घरी गेल्यावर कळेलच. तिनं मान हलवली. असे आम्ही दोन सुशिक्षित माणसं एका म्हाताऱ्याला फसवायला एकमताने राजी झालो.

पण फसवणं सोपं नव्हतं. रोज सकाळी दादा विचारायचे, श्रीधरचा लागला का गं? आणि सुनेत्रा म्हणायची, नाही लागला. तिचं जेवण तुटलं. ताटावर बसायची आणि चिवडून उठायची. ऋजुतावर उगाच डाफरायची. एकदा आल्बर्ट हाइनमध्ये, सुपरमार्केटच्या भाजीच्या रांगेपाशी, ती एकाएकी रडायला लागली आणि आम्ही अर्धी टोपली तिथेच टाकून घरी आलो. मी तिला समजावत होतो, पण माझं बोलणं मलाच पटत नव्हतं. श्रीधरकाकांना मी एकदाच भेटलो होतो, लग्नात. त्यांनी माझे बूट लपवणाऱ्या मेहुण्यांना पळवून लावलं होतं आणि बूट आणून दिले होते.

दादांच्या लक्षात आलं. ते आमच्या डच जिन्याला घाबरायचे. तो जिना म्हणजे जवळजवळ शिडीच आहे, आणि आम्ही त्यांना वर चढायची बंदी केली होती. एके दिवशी दुपारी मी कामात असताना जिन्यावर पावलं वाजली. दारातून पाहिलं तर दादा एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं चहाचा कप धरून वर येत होते. अर्धा चहा बशीतही नाही, पायऱ्यांवर सांडला होता. मला त्यांनी नजरेनंच थांबवलं. ते सुनेत्राच्या खोलीत गेले. मी दाराबाहेर उभा राहिलो.

तिनं त्यांचा फोन घाईघाईनं लॅपटॉपमागे सरकवला, हे मला दिसलं. दादांनी कप ठेवला आणि तिच्या पलंगावर बसले, धापा टाकत.

‘काऊन जेवत नाहीस, पोरी?’

ती म्हणाली, कामाचा ताण आहे. दादांनी कप तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, ‘तुझ्या आईनंही त्या सकाळी चहा घेतला नव्हता. मले दिसलं होतं. मी म्हटलं, एवढा एक माणूस भेटून जाऊ दे, मग विचारतो. एवढा एक माणूस. आता तू जेवत नाहीस, आणि मले विचारायला वेळ आहे.’

आई गेल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत त्यांनी या विषयाचा एक शब्द काढला नव्हता. सुनेत्रानं चेहरा हातात लपवला. मग तिनं लॅपटॉपमागून फोन काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला, आणि सगळं सांगितलं. लाइन्स जॅम नव्हत्या. लोकांचे फोन येत होते. श्रीधरकाकांचा आला होता, तीन दिवस. ते गेले.

मी दाराबाहेर त्यांच्या छातीकडे बघत उभा होतो, हाउसआर्ट्सबाईंचा नंबर मोबाइलवर काढून. त्यांचा श्वास जड चालला होता, पण चालला होता. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

‘श्रीधर काय म्हणाला?’

‘म्हणाले, साहेबांशी दोन शब्द बोलायचे होते.’

‘आणि तू काय सांगितलंस?’

सुनेत्रा म्हणाली, ‘दादा झोपलेत.’

खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली. मला वाटलं, आता ते तिला त्या जीपमध्ये बसवतील. पण आता कुठल्या नदीवर जाऊन कुणाला उतरवून आणणार होते? त्यांनी फक्त सांगितलं, भागरथाला फोन लाव. भागरथाबाई म्हणजे श्रीधरकाकांची बायको.

दादांना ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर होता. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. दादांचा आवाज ऐकताच भागरथाबाई म्हणाल्या, आला जी तुमचा फोन, ते म्हणतच होते, साहेब करतीन. मग त्यांनी एकेक सांगितलं. ताप आला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, नागपूरले न्या. हे म्हणाले, साहेबांचा एक फोन गेला तर खाट भेटते. दोन दिवसांनी मात्र म्हणाले, आता खाट नको, नुसतं बोलतो. भागरथाबाईंच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ते ऐकवत नव्हतं. शेवटी त्या जरा घुटमळल्या.

‘बाई सांगत होत्या, तुमी झोपले म्हणून. मी यांना म्हटलं, साहेब दिवसा झोपत नाहीत, मी त्या घरी भांडी घासली, मले माहीत आहे. खरंच झोपले होते का जी?’

सुनेत्रानं दादांकडे पाहिलं आणि फोनकडे हात केला. ती खरं सांगायला निघाली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. दादांनी तिचा हात बाजूला केला.

‘हो भागरथा,’ ते म्हणाले. ‘मी झोपलो होतो. झोपच लागली होती.’

पलीकडे नुसत्या कोंबड्या ऐकू येत राहिल्या. मग भागरथाबाई म्हणाल्या, ‘झोपा जी. आता किती दिवस जागाल.’

फोन बंद झाल्यावर सुनेत्रा त्यांच्या पायाशी बसली. असं का सांगितलंत, दादा, मी केलं ते, मला बोलू द्यायचं होतं. ती तेच तेच म्हणत होती. दादांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. आयुष्यात त्यांनी ते पहिल्यांदा केलं असावं, इतका तो हात अवघडलेला होता.

‘तू माझ्या दारात उभी होतीस,’ ते म्हणाले. ‘दारातलं माणूस जे बोलते ते घरधन्याचंच बोलणं असते. खात्यात कारकुनानं चूक केली तर सभागृहात मंत्री उभा राहते.’

त्यांनी तिला रागावायला हवं होतं. रागावले असते तर ती रडून मोकळी झाली असती, आणि तिच्यामागून मीही. त्यांनी तिच्यावरचा डाग उचलून स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला, आणि तो दोघांच्याही अंगावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता खिडकीतली खुर्ची रिकामी होती. दादा नंतर खाली आले, घरातल्या बंडीत, डोक्यावर टोपी नाही. ते खिडकीकडे पाठ करून जेवणाच्या टेबलापाशी बसले आणि पोहे मागितले. सुनेत्रा जरा थबकली. भेटीगाठी आटोपण्याआधी दादांनी अन्नाला हात लावलेला तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं पोहे वाढले, आणि दादांचा फोन त्यांच्या बशीशेजारी ठेवला. यानेकेबाई खिडकीबाहेर येऊन हात हलवून गेल्या. दादांनी मागे वळून पाहिलं नाही.

पहिलाच घास त्यांनी उचलला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर होता. सुनेत्रानं फोन उचलून त्यांच्यापुढे धरला. दादा बशीकडे बघत म्हणाले, ‘सांग, झोपलेत म्हणून.’

फोन वाजत राहिला. सुनेत्रानं तो घेतला, स्पीकर लावला. ती म्हणाली, ‘मी सुनेत्रा बोलतेय, दादांची मुलगी. तुमचं काम मला सांगा. जे असेल ते सांगा, मी करते. कृपा करून मला सांगा.’

पलीकडचा माणूस गोंधळला. आवाज म्हातारा होता, आणि त्याला धाप लागली होती.

‘काही नाही बाई,’ तो म्हणाला. ‘साहेबांशी दोन शब्द बोलायचे होते.’

सुनेत्रा पांढरीफटक पडली. पलीकडून तो माणूस विचारत होता, साहेब आहेत का, की झोपलेत?

दादांनी हातातला चमचा खाली ठेवला. पोह्यांची बशी लांब सरकवली. डोक्याकडे हात नेला, टोपी नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, तसा तो हात त्यांनी पुढे केला. सुनेत्रानं फोन दिला.

‘मी जागा आहे,’ दादा म्हणाले. ‘बोला.’